प्लंबर रडणार नाही

गेल्या वर्षापर्यंत मला एकाही संपादकाने, तुमची कथा आम्ही दिवाळी अंकासाठी घेतली, असं सांगितलेलं नव्हतं. ऑफिसमधून निरोप येतो तो असा : फोटो पाठवा, चार ओळींत परिचय पाठवा, बँकेचे तपशील पाठवा. हे मागितलं की समजायचं, घेतली. गणपती येऊन गेले तरी काहीच मागितलं नाही की समजायचं, नाही घेतली. नाही म्हणून कोणी कळवत नाही. संपादकांना वाटतं, तोंडावर नाही म्हटलं की माणूस दुखावतो. न कळवल्याने तो जास्त दुखावतो आणि वर त्याची कथा तीन-चार महिने अडकून पडते, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी लिहून पोट भरते. नोकरी अशी कधी केली नाही. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली ती पातळ चिठ्ठी असते ना, जी कोणी वाचत नाही, ती मराठीत मी करते. जाहिराती करते, परदेशी मालिकांच्या पडद्याखालच्या ओळी करते, मिळाले तर मराठी मालिकांचे संवाद लिहिते. नवरा सरकारी नोकरीत आहे. तो म्हणतो, "तुला रोज कोणीतरी कामावरून काढतं आणि रोज कोणीतरी घेतं. मला एकदाच घेतलं, नंतर कोणी बघितलंच नाही."

तेव्हा नकार मला नवा नाही. मढला एका भाड्याच्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालायचं. कोणाचे संवाद सेटवर अडकले की मला बोलावून घ्यायचे. चॅनेलची पोरगी, माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, उभ्याउभ्या पानं चाळून म्हणायची, "मॅम, सीन फ्लॅट आहे. सासू बोअर मारतेय. दुसरं द्या ना पटकन." मी बंगल्यामागच्या पायरीवर बसून, शेजारच्या घरच्या बोंबलांच्या वासात, दुसरं लिहून द्यायचे. तेही कधी घ्यायचे, कधी फेकायचे. एकदा तिने इतके सीन परत केले की मी विचारलं, "बाई गं, तुला नक्की काय हवंय?"

"मला काय माहीत मॅम? तुम्ही लिहा, मग मला कळेल काय नकोय."

इतकं प्रामाणिक संपादकीय मत मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. त्या पोरीचा मला कधी राग आला नाही. निकाल संध्याकाळच्या आत लागायचा, डबा धुऊन घरी जाता यायचं.

साहित्यात तसं नाही. साहित्यात सगळे फार सभ्य आहेत.

आम्ही दहिसरला राहतो, नदीच्या बाजूला, एका नव्या टॉवरमध्ये. टॉवर नवा म्हणजे लिफ्ट नवी, आणि लिफ्ट नवी म्हणजे चेअरमन तिला स्वतःच्या लेकीसारखं जपतो. 'लिफ्टमधून सामान नेऊ नये' ही पाटी त्याने स्वतः रंगवून घेतली. एका दुपारी मी दुधी घेऊन लिफ्टमध्ये शिरले तर आत चेअरमन, एक ब्यूटी पार्लरवाली मुलगी तिच्या बॅगेसकट, एक प्लंबर आणि खोक्यातून अर्धा बाहेर डोकावणारा नवाकोरा कमोड. कमोड अर्थातच चेअरमनच्या घरचा. सामानाची पाटी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. चौथा मजला यायच्या आत लिफ्ट बंद पडली.

पुढे जे झालं त्यात थोडं माझं तिखटमीठ घालून मी कथा केली. कथेत चेअरमनला लघवीला लागते. साधीसुधी नाही. वय झालेलं, प्रोस्टेटचा त्रास, वॉचमन फोन उचलत नाही, लिफ्टवाला बोरिवलीहून निघालाय आणि अजून तिथेच आहे. समोर कमोड. बायका सज्जनपणे भिंतीकडे तोंड करायला तयार. तर प्लंबर हात आडवा घालतो आणि म्हणतो, "साहेब, फिटिंगच्या आधी वापरू नका. वॉरंटी जाते." आणि मग तो हसत सुटतो. पार्लरवाली हसते, दुधीवाली हसते, शेवटी चेअरमनसुद्धा, पाय आवळून. बस, एवढीच कथा. लिफ्ट सुरू होते आणि तो प्लंबर अजून हसतोच आहे, तिथे संपते.

माझ्याकडे अशा बऱ्याच कथा जमल्या होत्या आणि मला त्यांचं पुस्तक हवं होतं. विनोदी कथांचं, मुखपृष्ठावर माझं नाव असलेलं. एवढी वर्षं लिहून माझं एकही पुस्तक नाही. औषधांच्या चिठ्ठ्यांवर नाव घालत नाहीत. पार्ल्याचे एक संपादक मोठा दिवाळी अंक काढतात आणि त्यांची स्वतःची प्रकाशनसंस्थाही आहे. त्यांना मी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "आधी एक कथा अंकात येऊ दे, ताई. वाचक काय म्हणतात बघू. मग पुस्तकाचं ठरवू." म्हणून मी माझ्याकडची सर्वांत चांगली कथा, ही लिफ्टची, त्यांना पाठवली.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. वडील जालन्याकडचे, मुंबईत येऊन कारखान्यात लागले. माझं लहानपण घाटकोपरच्या डोंगरावर गेलं, जिथे पाणी खालून आणावं लागायचं. ते पाणी आईने कसं आणलं, यावर मी बऱ्याच वर्षांपूर्वी याच पार्ल्याच्या अंकात एक लेख लिहिला होता. तो लोकांना फार आवडला. लोक रडले. अजून कोणी भेटलं की सांगतात, तुमच्या आईवरचा लेख वाचून रडलो. तो लेख खरा होता, त्यातली एक ओळही मी मागे घेणार नाही. पण त्याच लेखात एक परिच्छेद असा होता की पाण्याच्या रांगेत सर्वांत मोठ्याने हसणारं घर आमचंच होतं. वडील नकला करायचे. मुकादमाची, दुकानदाराची, खुद्द आईची. आईने एकदा हसता हसता भरलेली कळशी मुकादमाच्या बुटांवर पालथी केली होती. हे छापून आलं नाही. जागा कमी पडली असेल, असं तेव्हा वाटलं.

त्यानंतर ज्याने ज्याने माझ्याकडे लेखन मागितलं, त्याने 'तुमचं असं काहीतरी' मागितलं. तुमचं असं म्हणजे काय, हे कोणी फोड करून सांगत नाही, पण मलाही कळतं. आई आता माझ्याकडेच असते. ऐंशीच्या पुढे आहे, कान तिखट आहेत. लेख वाचलेली माणसं कधी घरी येतात आणि तिच्या पाया पडायला वाकतात, तेव्हा ती पाय मागे घेते. "मला का हात लावतात गं हे लोक? मी काय गेले का?"

तर कथा पाठवली. थोड्या दिवसांनी पार्ल्याहून फोन आला.

"ताई, वाचली. खूप हसलो."

"बरं झालं."

"पण."

मी वाट पाहिली. 'पण'नंतर घाई करू नये, हे मढला शिकले होते.

"काय होतंय, ताई, तुमच्याकडून वाचकांची एक अपेक्षा असते. तुमच्या लेखणीला एक धग आहे. ती इथे, त्या कमोडपाशी, जरा कमी पडते."

"कमोड थंडच असतो, सर."

ते हसले नाहीत. "तो प्लंबर बघा. तो नुसता हसतोय. त्याच्या आत काय चाललंय? कुठून आलाय तो? एरवी चेअरमनने त्याला त्या लिफ्टमध्ये उभं तरी केलं असतं का? हे तुम्हीच लिहू शकता. दुसरं कोणी नाही लिहू शकत."

"त्याच्या आत काय चाललंय ते लिहिलंय की. चेअरमनची जिरली, हे चाललंय."

"हो, पण वेदना..."

"वेदना चेअरमनला आहे, सर. प्रोस्टेटची."

मग ते म्हणाले, "एकदा विचार करा. शेवट जरा खोल न्या." मी म्हटलं, शेवट आहे तिथेच राहू दे, चौथ्या मजल्यावर. "बरं," ते म्हणाले, "बघतो. कळवतो."

मग काहीच नाही. श्रावण गेला. गणपती आले, गेले. मी एक मेसेज केला : 'कथेचं काय ठरलं?' दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. दुसरा मेसेज मी करत नाही. एकदा विचारणं हा माझा हक्क आहे, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिष्ठत उभं राहणं. फोटो मागितला नाही, परिचय मागितला नाही. आमच्या व्यवहारात याचा अर्थ नाही. मी नाही असं समजले आणि कथा मोकळी झाली.

मुलुंडला एक बाई घरच्या घरी छोटा दिवाळी अंक काढतात. नोकरीतून निवृत्त झाल्या आणि हा उद्योग सुरू केला. यजमान पार्सलं बांधतात. त्यांच्या एका अनुवादाचं काम माझ्याकडे होतं, ते द्यायला मी मेट्रोने घाटकोपर गाठून पुढे मुलुंडला गेले, तेव्हा लिफ्टची कथाही पिशवीत टाकली.

"विनोदी आहे?" बाईंनी विचारलं. "बस मग. चहा घे. मी आत्ताच वाचते. नाही आवडली तर इथेच सांगीन हं, मला ते मागाहून कळवायचं वगैरे जमत नाही. माझा स्वभाव फाटका आहे."

मी चहा प्यायले. समोर कोणीतरी आपलं वाचतंय आणि आपण बिस्किट खातोय, हा प्रकार अवघड असतो. मधे बाईंनी एकदा नाक खाजवलं, एकदा पान मागे उलटलं. मग वॉरंटीपाशी आल्या आणि चष्मा काढून ओरडल्या, "अहो! अहो, ते पार्सल ठेवा खाली, इकडे या, हे ऐका." त्यांनी तो भाग मोठ्याने वाचला. यजमान दारात सुतळीचा गुंडा हातात घेऊन हसले आणि मग म्हणाले, "पण वॉरंटी खरंच जाते का?"

"घेतली," बाई म्हणाल्या. "पैसे फार देत नाही मी, तुला माहिती आहे. आणि चित्र आमच्या ओळखीतला मुलगा काढतो, ते भिकार येईल, आधीच सांगते."

घेतली. या शब्दासाठी मी मुलुंडपर्यंत गेले नव्हते, पण परत येताना तो डोक्यात होता, हे खरं आहे.

घटस्थापना झाली आणि पार्ल्याच्या ऑफिसातून मेसेज आला : 'मॅडम, फोटो, चार ओळी परिचय आणि बँक डिटेल्स आज पाठवाल का? पानं जोडली आहेत, बघून घ्या.'

खरंच पानं जोडली होती. चांगल्या कागदावर शोभेल असं सुबक मांडलेलं, वर लिफ्टचं देखणं रेखाचित्र. मुलगी ऑफिसला निघाली होती, तिने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "आई, झकास दिसतंय! वाच ना, आजीला पण वाचून दाखव."

मी वाचायला लागले. आईने ही कथा आधी ऐकली होती, तरी पुन्हा हसत होती. कमोड आला, लिफ्ट अडकली, वॉरंटी आली. प्लंबर हसू लागला. आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्या बंद डब्यात त्याला गावाबाहेरची ती विहीर आठवली. पाण्यासाठी ताटकळणारी आपली माय आठवली. नव्या कमोडच्या पांढऱ्या शुभ्र कडेवर त्याचं एक आसू टपकलं.

आई म्हणाली, "आता मधीच कोण मेलं?"

मुलगी म्हणाली, "आई, हे तू लिहिलंस?"

"नाही."

"मग वाट लागली. म्हणजे त्यांनी आजीला उचलून त्या प्लंबरला चिकटवली!"

तसंच होतं. जुन्या लेखात विहीर नव्हती, आमच्या डोंगरावर विहीर कुठली, पण ताटकळणारी माय होती. आई जरा विचार करून म्हणाली, "माझं रडणं एकदा छापलं ना त्यानं? आता हसणं छापायला काय झालं?"

मी पार्ल्याला फोन लावला. मनात पुस्तक होतं, ते मी लपवणार नाही. म्हणून सरळ भांडायच्या ऐवजी व्यवहाराचं बोलले.

"सर, तुमच्याकडून काही कळलं नाही म्हणून मी कथा मुलुंडच्या अंकाला दिली आहे."

"दिलीत?" त्यांना खरंच धक्का बसला. "ताई, एक कथा दोन ठिकाणी? ही पद्धत नव्हे हो."

"एका ठिकाणीच दिली आहे. तुम्ही घेतली हे मला आज कळतंय. तरीही मी तिथून परत मागून घेईन. फक्त शेवट माझा ठेवा."

"शेवट बदललेला नाही, ताई. पूर्ण केलाय. पाच-सहा ओळी आहेत. तुमच्याच शैलीत आहेत, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं. आईला कळलं. शेवट काढा, मी आत्ता मुलुंडला फोन करते."

"मग ती नुसती गंमत राहते."

"गंमतच आहे ती."

ते दमल्यासारखे बोलले. वाईट माणूस नाही. मला नीट समजावून सांगत होते. "हे बघा, तुमचं पुस्तक माझ्या डोक्यात आहे. पण विनोदी लिहायला आमच्याकडे लेखक आहेत, ताई. बरेच आहेत. तुम्ही कशाला त्या रांगेत उभ्या राहता?"

मी म्हटलं, दहा मिनिटांत फोन करते.

मुलुंडच्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पुस्तकाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग घे ना परत. जबरदस्ती आहे का? तुझं पुस्तक होत असेल तर माझ्या अंकाचं काय एवढं. फक्त आत्ता सांग. पानं छपाईला निघाली आहेत, हे चपला घालून उभे आहेत."

नवऱ्याला त्याच्या ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "मोठ्या अंकातून कोणी कथा काढून घेतं का? पाच ओळी तर आहेत. पुस्तक आलं की त्यात तुझा शेवट घाल." हे बोलणं चुकीचं नव्हतं. पाच ओळींसाठी कोणी पुस्तक सोडतं का, असा प्रश्न मीही स्वतःला विचारला, कारण मी काही हुतात्मा व्हायला बसलेली नाही. चॅनेलच्या सांगण्यावरून मी सासवा मारल्या आहेत आणि जिवंत केल्या आहेत, पैसे घेऊन, न कुरकुरता.

पण तिथे नाव माझं नसतं आणि सासू माझी नसते. इथे खाली माझं नाव आणि परिचय येणार होता, आणि परिचयात काय लिहितील तेही मला पाठ होतं. आणि एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. प्लंबर या कथेत रडला की पुस्तकातल्या बाकीच्या कथांतही सगळ्यांना रडावं लागणार. एकेक चेअरमन रडेल, लग्नाच्या हॉलचा मॅनेजर रडेल, कुत्रं रडेल. ते पुस्तक निघेल, पण ते मला हवं असलेलं पुस्तक नसेल. ज्या रांगेत उभ्या राहू नका म्हणाले, त्या रांगेत मी लहानपणापासून उभी आहे. आमच्या घरात हसण्यासाठी कोणाची परवानगी काढत नसत.

मुलुंडला सांगितलं, "यजमानांना जाऊ द्या."

पार्ल्याला सांगितलं, "माझी कथा काढा, सर."

"ताई, पानं लागली आहेत!"

"विनोदी लिहिणारे बरेच आहेत ना तुमच्याकडे? त्यांच्यातल्या कोणाचं तरी लावा."

"हे बरं नाही केलंत. दोन ठिकाणी कथा दिलीत, हे चार लोकांना कळलं तर..."

"कळवा ना. तुम्ही एकदा तरी काहीतरी कळवलं, असं होईल."

त्यांनी फोन ठेवला. मी भात लावला. कुकरची शिटी नीट बसेना. आई तिच्या खुर्चीतून म्हणाली, "काय म्हणाला?" म्हटलं, पुस्तक गेलं. ती म्हणाली, "त्याच्याकडचं गेलं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मुलुंडचा अंक धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आला. कागद असा की पाठीमागचं पुढे दिसावं. चित्र बाईंनी सांगितल्याप्रमाणे भिकार. त्या मुलाने कमोड कधी जवळून पाहिला नसावा, हार्मोनियमसारखं काहीतरी काढलं होतं आणि चेअरमन ते वाजवायला बसल्यासारखा दिसत होता. पण शेवटच्या ओळीत प्लंबर हसत होता आणि त्यानंतर खाली माझं नाव आणि फोन नंबर होता.

दिवाळी अंकात फोन नंबर छापतात आणि लोक खरंच फोन करतात. बोरिवलीच्या एका लायब्ररीतल्या बाईंचा आला, त्यांना दुधीचं पुढे काय केलं ते हवं होतं. एकाने वॉरंटीचं विचारलं. आमच्या बिल्डिंगच्या चेअरमनला कोणीतरी पानांचे फोटो पाठवले. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, ती लिफ्ट ओळखीची वाटते." म्हटलं, "छे हो, ती बोरिवलीची." ते म्हणाले, "हां, मग ठीक आहे. त्यांच्याकडे मेंटेनन्स नसतोच."

एक फोन घाटकोपरहून आला. आवाजावरून वयस्क गृहस्थ.

"पाण्यावर लेख लिहिलेल्या तुम्हीच का? आईवर?"

"हो."

"मग तुम्ही आम्हाला फसवलंत. तुमचं नाव बघून मी ही कथा शेवटी ठेवली होती. म्हटलं, सण झाल्यावर वाचू, सणासुदीला कशाला डोळ्यांत पाणी. काल वाचली तर बायको आतून विचारते, काय झालं, ठसका लागला का?"

"मग?"

"मग काय मग! आधी सांगायचं ना तसं. आता पुढच्या वर्षी रडवणार की हसवणार?"

"हसवणार."

"मग पहिली वाचू."

त्यांना मी पार्ल्याचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पुस्तक अजून निघालेलं नाही, हे सांगून टाकते, म्हणजे कोणी गोड शेवट शोधू नये. पार्ल्याहून या वर्षी 'तुमचं असं काहीतरी' मागणारा फोनही आला नाही. पुण्याच्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित ठेवून घेतलं आणि लेखी कळवलं की विनोदी कथासंग्रह खपत नाहीत, क्षमस्व. कारण मला पटलं नाही, पण नकार स्वच्छ होता, त्याबद्दल त्यांचे आभार मानले. ते गोंधळले असावेत, कारण त्यांनी परत एक नम्र मेल केला. दादरच्या एका प्रकाशकांनी कथा बाजूला ठेवल्या आणि आईचं आत्मचरित्र शब्दांकन करून द्याल का, असं विचारलं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "देते की. पण नकला मी करून दाखवीन, त्या लिहाव्या लागतील." तो निरोप मी जसाच्या तसा पोचवला. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही.

दरम्यान मी आणखी दोन कथा लिहिल्या. मुलुंडच्या बाईंनी त्यातली एक घेतली आणि एक फेकली. फेकली ती माझ्यासमोर, दुसऱ्याच पानावर. "हे गं काय? कंटाळा येतोय," म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं, मलाही ती लिहिताना कंटाळाच आला होता.

सोमवारी ठाण्याला एका प्रकाशकाकडे जाते आहे. फोनवर त्यांनी विचारलं, "विषय काय आहेत साधारण?"

"लिफ्ट, लग्नाचा हॉल, एक कुत्रं आणि बरेच चेअरमन."

"आणि काही सामाजिक?"

"सगळे सोसायटीत राहतात, सर. यापेक्षा सामाजिक काय असतं?"

ते हसले. फोनवर हसणं म्हणजे होकार नाही, हे मला कोणी सांगायला नको. तरी हस्तलिखिताच्या दोन प्रती काढायला टाकल्या आहेत. एक त्यांना देईन. दुसरी त्यांच्यानंतर जो कोणी असेल त्याच्यासाठी, पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे खेप नको.